मनगटावरचे घड्याळ आणि रात्रीचा हिशेब: रिकव्हरी, रक्तातील ऑक्सिजन आणि झोप कशी नोंदवावी

बडोद्यात पहाटे कमाटीबागेत चालायला-धावायला येणाऱ्यांच्या मनगटावर स्पोर्ट्स वॉच दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. अंतर आणि वेग मोजण्यापुरते ते बहुतेकांना वापरता येते. अडचण सुरू होते ती घरी परतल्यावर, जेव्हा अ‍ॅप ‘रिकव्हरी ४१ टक्के’, ‘ऑक्सिजन ९२’, ‘गाढ झोप ३८ मिनिटे’ असे आकडे समोर मांडते आणि त्यांचे करायचे काय, हे मात्र धडपणे सांगत नाही. या लेखात रिकव्हरी (म्हणजे थकव्यातून शरीर किती सावरले), ऑक्सिजन आणि झोप या तीनच गोष्टींचा विचार केला आहे: त्या कशा मोजल्या जातात, त्या नीट मोजल्या जाव्यात म्हणून काय करावे आणि त्यांवरून रोजच्या व्यायामाचा निर्णय कसा घ्यावा. घड्याळ कोणत्या कंपनीचे घ्यावे, हा प्रश्न येथे घेतलेला नाही.

घड्याळ प्रत्यक्षात काय मोजते

घड्याळाच्या पाठीमागच्या काचेखाली हिरवे, लाल आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त दिवे असतात, परतणारा प्रकाश टिपणारा संवेदक असतो आणि आत हालचाल ओळखणारा अ‍ॅक्सेलरोमीटर असतो. काही मॉडेलांत त्वचेचे तापमान मोजण्याची सोय असते. आपल्या विषयापुरती सामग्री एवढीच. प्रत्येक ठोक्यासरशी मनगटातील रक्ताचे प्रमाण किंचित वाढते, त्यामुळे हिरवा प्रकाश अधिक शोषला जातो आणि या चढउतारावरून नाडी मोजली जाते. बाकीचे बहुतेक आकडे या संवेदकांच्या मोजमापांवर सूत्रे चालवून काढलेले असतात.

म्हणून अ‍ॅपमधील सर्व आकड्यांवर सारखाच विश्वास ठेवू नये. मूळ मोजमापाच्या जितका जवळचा आकडा, तितका तो भरवशाचा. झोपेत, हात स्थिर असताना मिळालेली विश्रांतीतील हृदयगती सर्वांत वरच्या पायरीवर ठेवावी. तिच्या खालोखाल रात्रीचा एचआरव्ही, म्हणजे दोन ठोक्यांमधील अंतरात होणारा मिलिसेकंदांचा फरक, आणि मग झोपेचे एकूण तास. ऑक्सिजनचा आकडा त्याच्याही खाली, झोपेचे टप्पे आणखी खाली आणि या सगळ्यांची भेळ करून काढलेला १०० पैकीचा ‘स्कोअर’ सर्वांत शेवटी. गंमत अशी की बहुतेक अ‍ॅप उघडताच हा शेवटचा आकडाच सर्वांत मोठ्या अक्षरांत दिसतो.

घड्याळ बांधणे आणि मांडणी

मनगटाच्या बाहेरच्या बाजूला, करंगळीच्या रेषेत, हाडाचा जो उंचवटा असतो त्यावर घड्याळ बसू देऊ नये. त्याच्यापासून कोपराच्या दिशेने बोटभर जागा सोडून ते बांधावे, कारण उंचवट्यावर काच एका बाजूने उचलली जाते आणि फटीतून बाहेरचा उजेड आत शिरतो. रात्री पट्टा असा असावा की हात झटकला तरी घड्याळ सरकू नये, पण सकाळी कातडीवर खोल खूणही उमटू नये. व्यायामाच्या वेळी तो एक भोक घट्ट करावा. आपल्याकडे एक गोष्ट हमखास नजरेआड होते: पूजेच्या वेळी मनगटाला बांधलेला लाल धागा. तो काचेखाली अडकला की नाडीचे वाचन भरकटू लागते. धागा काढायचा नसेल तर घड्याळ दुसऱ्या हातात बांधावे आणि अ‍ॅपमध्ये हात बदलल्याची नोंद करावी. बांगड्यांच्या हातात घड्याळ बांधल्यास झोपेत बांगड्यांच्या धक्क्याने ते हलते, तेव्हा तेही टाळावे. मनगटावर गडद गोंदण असल्यास प्रकाश शाईतच अडतो. त्यावर इलाज एकच, गोंदण नसलेली जागा निवडावी.

पावसाळ्यातील बडोद्याची दमट हवा सिलिकॉनच्या पट्ट्याला मानवत नाही. पट्ट्याखाली घाम साचून पुरळ उठते, मग माणूस घड्याळ काढून ठेवतो आणि नोंदींत खंड पडतो. नायलॉनचा विणलेला पट्टा त्या मानाने बरा. तोही आठवड्यातून एक-दोनदा साध्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवावा. काच रोज ओल्या फडक्याने पुसावी, कारण खोबरेल तेल आणि सनस्क्रीनचा थर संवेदकावर साचत राहतो.

अ‍ॅपमध्ये जन्मतारीख, वजन, उंची आणि लिंग खरे भरावे. कमाल हृदयगती ‘२२० वजा वय’ या सूत्राने आपोआप भरली जाते, पण ती सरासरी आहे आणि एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकू शकते. जोरकस चढणीच्या व्यायामात याहून मोठा आकडा वारंवार दिसत असेल, तर तो भरावा. ऑक्सिजनचे वाचन ‘दिवसभर’ न ठेवता ‘फक्त झोपेत’ असे ठेवावे. दिवसभराच्या वाचनाने बॅटरी झपाट्याने संपते आणि हलत्या हातावरून मिळणारे आकडे कामाचे नसतात. झोपण्याची आणि उठण्याची नेहमीची वेळ भरावी. चार्जिंगसाठी रात्र वापरू नये, सकाळच्या अंघोळीची आणि चहाची वेळ पुरते.

स्वतःची पातळी ठरवणे

पहिले तीन आठवडे घड्याळाकडून सल्ला घेऊ नये. या काळात ते आपल्याला ओळखत असते. गार्मिन कंपनीच्या घड्याळांत एचआरव्ही स्थितीसाठी सुमारे तीन आठवड्यांच्या झोपेची नोंद लागते. पोलर कंपनीचे घड्याळ काही रात्रींतच आकडे दाखवू लागते, पण त्यांची तुलना पुढे साधारण २८ दिवसांच्या सरासरीशी होते. बडोदेकरांनी यासाठी पंचांगाचा आधार घ्यावा. गणपती बसतात त्या दिवशी घड्याळ बांधले, तर घटस्थापनेपर्यंत जवळजवळ चार आठवडे मिळतात. त्यातले पहिले दहा-बारा दिवस आरत्या, जागरण आणि मोदकांचे, तर पुढचा पितृपक्षाचा पंधरवडा तुलनेने शांत, त्यामुळे आपल्या दोन्ही तऱ्हांच्या रात्री नोंदीत येतात. नवरात्रात या तयारीचा उपयोग कसा होतो, ते पुढे येईल.

एचआरव्हीविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण सर्वाधिक गैरसमज त्याच्याभोवती आहेत. निरोगी हृदय लंबकासारखे एकसारखे चालत नाही. श्वास घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. शरीर निवांत असते तेव्हा व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा प्रभाव वाढतो आणि ठोक्यांमधील अंतरात फरक जास्त दिसतो. ताण, ताप, अपुरी झोप, उशिराचे जड जेवण किंवा आदल्या दिवशीचा कडक व्यायाम यांमुळे तो घटतो. मात्र हा आकडा माणसागणिक कमालीचा वेगळा असतो आणि वयानुसार कमी होत जातो. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत एकाचा २८ आणि दुसऱ्याचा ८० असू शकतो, आणि त्यावरून कोण अधिक तंदुरुस्त, हे ठरत नाही. त्यातच कंपन्यांची सूत्रेही निरनिराळी आहेत. अ‍ॅपलच्या हेल्थ अ‍ॅपमधील आकडा एसडीएनएन या पद्धतीचा असतो, तर गार्मिन, पोलर, फिटबिट आणि व्हूप आरएमएसएसडी वापरतात. पोलर झोप लागल्यानंतर साधारण अर्ध्या तासाने सुरू होणारे चार तास पाहते, तर गार्मिन रात्रभराची सरासरी घेते. साहजिकच रात्री साडेदहाला जेवून अकराला झोपणाऱ्या माणसाला पोलरचा आकडा अधिक झोंबतो. तेव्हा मित्राच्या आकड्याशी तुलना नको, आणि स्वतःचे घड्याळ बदलल्यास जुन्या आकड्याशीही नको.

सकाळचा क्रम

रोज सकाळी अ‍ॅप उघडण्यापूर्वी आधी स्वतःला विचारावे: पाय जड आहेत का, झोप पुरी झाल्यासारखी वाटते का, आज व्यायामाची इच्छा आहे का. याला पाचपैकी गुण देऊन ते वहीत लिहावेत, मगच आकडे पाहावेत. हा क्रम उलटा केला तर फसगत होते, कारण लाल रंग दिसताच चांगला उठलेला माणूसही गळून जातो.

त्यानंतर विश्रांतीतील हृदयगती पाहावी, मग एचआरव्हीची सात दिवसांची सरासरी, मग झोपेचे तास. समजा, एखाद्याची विश्रांतीतील हृदयगती एरवी ५४ ते ५७ असते आणि एचआरव्ही ४२ ते ५५ मिलिसेकंदांत फिरतो. एका सकाळी एचआरव्ही ३९ दिसला, पण हृदयगती ५६ आहे आणि माणूस ताजातवाना आहे. अशा दिवशी ठरलेला व्यायाम तसाच करावा. दुसऱ्या सकाळी हृदयगती ६२, एचआरव्ही ३४ आणि अंगात कणकण असेल, तर वेगाचा सराव रद्द करून अर्धा तास चालावे किंवा सरळ विश्रांती घ्यावी. दोन्ही आकडे सलग तीन दिवस आपल्या नेहमीच्या मर्यादेबाहेर राहिले, तर कारण शोधायला हवे: सर्दी-ताप येऊ घातला आहे का, पाणी कमी पडते आहे का, घरात किंवा कामावर काही ताण आहे का. ताप असताना व्यायाम करूच नये, घड्याळ हिरवे दाखवत असले तरीही.

स्त्रियांच्या बाबतीत मासिक चक्राचा परिणाम ध्यानात ठेवावा लागतो. अंडमोचनानंतरच्या दिवसांत विश्रांतीतील हृदयगती काही ठोक्यांनी वाढते, एचआरव्ही थोडा उतरतो आणि त्वचेचे तापमान किंचित चढते. हा थकवा नव्हे. घड्याळात चक्राची नोंद ठेवून या महिन्याची तुलना मागच्या महिन्यातील त्याच टप्प्याशी करावी. मागच्या आठवड्याशी केली तर दर महिन्याला अकारण विश्रांतीचा सल्ला मिळत राहील.

रिकव्हरीचे तास हा आणखी एक अडखळणारा आकडा. व्यायाम संपल्यावर ‘४८ तास’ असे दिसले, तर त्याचा अर्थ दोन दिवस अंथरुणात पडून राहावे असा नाही. पुढचा कडक सराव तोवर टाळावा, एवढाच आहे. मधल्या वेळात हलके चालणे, सायकल, पोहणे चालते. शिवाय हा हिशेब हृदयगतीवर बेतलेला असल्यामुळे स्नायूंवरचा ताण त्यात पुरता धरला जात नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या आखाड्यांच्या या शहरात जोर, बैठका, मल्लखांब करणारे आजही आहेत. त्यांना घड्याळ रिकव्हरीचे तास नेहमी गरजेपेक्षा कमी सांगते, कारण बैठकांनी मांड्या भरून आल्या तरी हृदयगती धावण्याइतकी वर जात नाही, आणि मनगट मुडपले की नाडीचे वाचनही तुटते. मल्लखांबाच्या वेळी घड्याळ सुरक्षिततेसाठीही काढूनच ठेवावे आणि व्यायाम नंतर हाताने नोंदवावा. धावण्यातील छोट्या, वेगवान फेऱ्यांसाठी ज्यांना अचूकता हवी, त्यांनी छातीला बांधायचा, हृदयगती मोजणारा पट्टा वापरावा.

उन्हाळ्याचा भाग वेगळा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो तेव्हा त्याच वेगाने धावतानाही हृदयगती वर राहते, कारण रक्ताचा काही भाग त्वचा थंड करण्यासाठी वळवला जातो. घड्याळ याला तंदुरुस्ती घटली असे समजू शकते. गार्मिनच्या काही मॉडेलांत २२ अंशांवरील हवेत उष्णतेशी जुळवून घेण्याचा हिशेब धरला जातो, पण त्यासाठी फोनवरून हवामानाची माहिती मिळत असावी लागते. या दोन महिन्यांत वेगाचा हट्ट सोडून हृदयगतीच्या मर्यादेत धावणे शहाणपणाचे.

रक्तातील ऑक्सिजन

लाल आणि अवरक्त प्रकाशाच्या तुलनेवरून ऑक्सिजन मोजण्याची कल्पना ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७० च्या दशकात मांडली. ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश जास्त शोषते, ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश जास्त शोषते. या दोहोंच्या गुणोत्तरावरून टक्केवारी काढली जाते. बोटाच्या ऑक्सिमीटरमध्ये प्रकाश बोटाच्या आरपार जातो, मनगटात मात्र तो हाडाला आणि स्नायूला आपटून परत येतो. मनगटाचे वाचन डगमगते ते मुख्यतः यामुळे.

समुद्रसपाटीजवळ निरोगी माणसाचा ऑक्सिजन साधारण ९५ ते १०० टक्के असतो. बडोदे समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटर उंचीवर आहे, म्हणजे येथे उंचीमुळे आकडा घसरण्याचे कारण नाही. पावागड चढताना घड्याळाने ९१ दाखवले तर घाबरू नये. डोंगर सुमारे आठशे मीटरचा आहे, तेवढ्या उंचीने निरोगी माणसाच्या ऑक्सिजनमध्ये विशेष फरक पडत नाही, फरक पडतो तो हलणाऱ्या हाताने आणि सुटलेल्या पट्ट्याने. वाचन घ्यायचेच असेल तर पाच मिनिटे बसावे, हात टेबलावर छातीच्या उंचीला टेकवावा, बोलू नये, आणि ओळीने तीन वाचने घेऊन मधले धरावे. हिवाळ्यात हात गार पडले असतील, तर आधी ते चोळून ऊबदार करावेत.

आपल्या घड्याळाचा कल जाणून घेण्याचा सोपा उपाय बहुतेकांच्या घरातच आहे. २०२१ च्या कोरोना लाटेत घरोघरी आलेला बोटाचा ऑक्सिमीटर कपाटातून काढून नवे सेल घालावेत आणि आठवडाभर रोज एकाच वेळी दोन्हींवर वाचन घ्यावे. घड्याळ सातत्याने दोनने कमी दाखवत असेल, तर तो त्याचा स्वभाव समजावा. बोटाला नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असल्यास दुसरे, स्वच्छ बोट निवडावे. बोटाचे यंत्रही निर्दोष नसते. गडद त्वचेच्या रुग्णांत ऑक्सिमीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो, असे अमेरिकेतील २०२० च्या एका अभ्यासात ठळकपणे दिसले आणि तेथील औषध प्रशासनाने २०२१ मध्ये तशी सूचनाही काढली. भारतीय वाचकांनी हे विसरू नये: आकडा चांगला आणि धाप मात्र लागलेली, अशा वेळी धापेवर विश्वास ठेवावा.

आणखी दोन ठिकाणी चांगला आकडा फसवा ठरतो. पहिले, रक्तक्षय. ऑक्सिजनची टक्केवारी म्हणजे असलेल्या हिमोग्लोबिनपैकी किती भरलेले आहे, एवढेच. हिमोग्लोबिन मुळात किती आहे, हे त्यातून कळत नाही. हिमोग्लोबिन ८ वर आलेल्या स्त्रीलाही घड्याळ ९८ दाखवते आणि ती मात्र दोन जिने चढून थकते. दुसरे, बंद न्हाणीघरातील गॅस गीझर. त्यातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटतो आणि नेहमीच्या ऑक्सिमीटरला तो ऑक्सिजनपेक्षा वेगळा ओळखता येत नाही. न्हाणीघरात डोके जड झाले, मळमळले, तर वाचन घेत बसू नये, ताबडतोब मोकळ्या हवेत यावे आणि दवाखाना गाठावा.

केदारनाथ किंवा लेह येथे जाणाऱ्यांना मात्र या आकड्याचा खरा उपयोग होतो. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे पहिल्या दिवसांत निरोगी माणसाचाही ऑक्सिजन नव्वदीच्या खाली-वर राहतो, आणि झोपेत तो आणखी उतरतो. तेथे आकड्यापेक्षा त्याची दिशा महत्त्वाची: मुक्कामागणिक तो सावरत असेल तर शरीर जुळवून घेते आहे. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, हा नियम घड्याळ असले तरी मोडू नये. डोकेदुखी, उलटी, तोल जाणे, बसल्या जागी धाप लागणे यांपैकी काही दिसल्यास आकडा न पाहता खाली उतरावे.

झोप

झोपेचे टप्पे खऱ्या अर्थाने मोजायचे तर मेंदूच्या विद्युत लहरी, डोळ्यांची हालचाल आणि स्नायूंचा ताण एकाच वेळी नोंदवावा लागतो. झोपेच्या प्रयोगशाळेत ते होते. घड्याळ मात्र हालचाल आणि हृदयगती पाहून टप्प्यांचा अंदाज बांधते. एकूण झोप ते बऱ्यापैकी सांगते, परंतु डोळे मिटून निपचित पडलेल्या जाग्या माणसालाही ते झोपलेला धरते. त्यामुळे निद्रानाश असलेल्यांना घड्याळ बहुधा प्रत्यक्षापेक्षा जास्त झोप दाखवते आणि घरचे म्हणतात, ‘बघ, सात तास तर झोपलास!’ अशा वेळी घड्याळाची साक्ष ग्राह्य धरू नये.

झोपेची एक फेरी सुमारे ९० मिनिटांची असते. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात जास्त येते आणि रेम झोप, म्हणजे स्वप्नांची, डोळे वेगाने हलणारी झोप, पहाटेकडे वाढत जाते. पहाटे चारचा गजर लावून धावायला जाणाऱ्याची रेम झोप आधी कापली जाते, ती यामुळे. प्रौढांनी नियमाने किमान सात तास झोपावे, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. गाढ झोपेची मिनिटे मोजत बसण्यापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात: एकूण तास, झोपी जाण्याच्या वेळेतील रोजचा फरक, आणि रात्री हृदयगती केव्हा तळाला पोहोचते. हा तिसरा आलेख सर्वांत बोलका असतो. वेळेवर जेवून झोपलेल्या माणसाची हृदयगती मध्यरात्रीनंतर लवकरच खाली येते आणि उठेपर्यंत तेथेच राहते. रात्री उशिरा तेलाच्या तर्रीची शेवउसळ आणि पाव खाऊन झोपल्यास ती रेषा पहाटेपर्यंत उतरणीवरच राहते, म्हणजे रात्रभर शरीर पचनात गुंतलेले असते. मद्याचा परिणामही असाच, किंबहुना जास्त दिसतो. गुजरातेत त्याची उदाहरणे कशी द्यावीत, हा प्रश्नच आहे.

आकड्यांचा हव्यास झोपेलाच मारक ठरतो. घड्याळाचा झोपेचा आकडा सुधारण्याच्या चिंतेने झोप बिघडणे, या प्रकाराला २०१७ साली अमेरिकेतील संशोधकांनी ‘ऑर्थोसोम्निया’ असे नाव दिले. सकाळी उठल्या उठल्या पहिला हात फोनकडे जाऊ लागला, तर दोन आठवडे झोपेची नोंद बंद ठेवावी आणि फक्त झोपण्या-उठण्याची वेळ पाळावी.

पाळीवर काम करणाऱ्यांसाठी

कोयलीची रिफायनरी, खत आणि रसायनांचे कारखाने यांमुळे बडोद्यात पाळ्यांमध्ये काम करणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी घड्याळाची मूळ मांडणी गैरसोयीची आहे. अनेक मॉडेले ठरलेल्या वेळेबाहेरची झोप ‘डुलकी’ म्हणून नोंदवतात किंवा तिच्यातून एचआरव्ही काढतच नाहीत. म्हणून नाईट शिफ्टच्या आठवड्यात झोपेची वेळ सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन अशी बदलून घ्यावी आणि शिफ्ट पालटली की पुन्हा सुधारावी. नाईटच्या आठवड्याची तुलना मागच्या नाईटच्या आठवड्याशीच करावी. पाळी बदलल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवशी आकडे बिघडलेलेच असतात. त्या दिवशी कडक व्यायाम ठेवू नये, मग घड्याळ काहीही म्हणो. दिवसाच्या झोपेसाठी खोली अंधारी करणे आणि कामावरून घरी परतताना गॉगल लावणे, या दोन उपायांचा परिणाम नोंदींत आठवड्याभरात पडताळून पाहता येतो.

नवरात्राच्या नऊ रात्री

गरब्यासाठी बहुतेक घड्याळांत वेगळा प्रकार नसतो, ‘डान्स’ किंवा ‘कार्डिओ’ निवडावा. टाळ्यांमुळे मनगटाचे वाचन विस्कळीत होते, तेव्हा घड्याळ शक्यतो कमी हालणाऱ्या हातात आणि एक भोक घट्ट बांधावे. अनवाणी पायांनी दोन-अडीच तास मोठे वर्तुळ फिरणे हा पोटऱ्यांवर आणि टाचांवर पडणारा खरा भार आहे, आणि तो आकड्यांत पुरता उतरत नाही. खरी मोजदाद रात्रीची: मैदानातून घरी यायला एक वाजतो, मग खाणे, मग दोनला झोप, आणि सकाळी सातला ऑफिसची तयारी.

या काळात विश्रांतीतील हृदयगती चढणार आणि एचआरव्ही उतरणार, हे गृहीत धरावे. पाहायचे ते एवढेच की उतार कोठे थांबतो. तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतर आकडे खालच्याच पातळीवर स्थिरावले, तर शरीर निभावून नेत आहे. पाचव्या-सहाव्या दिवशीही रोज आणखी घसरण होत असेल, तर एक रात्र फक्त आरतीपुरते जावे आणि बाराच्या आत झोपावे. पहाटेचे धावणे या नऊ दिवसांत बंद ठेवावे; गरबा हाच व्यायाम आहे, त्यावर आणखी भर घालण्याची गरज नाही. दुपारी वीस-पंचवीस मिनिटांची झोप घ्यावी. मैदानातून परतल्यावर पाणी आणि चिमूटभर मीठ घातलेले ताक घ्यावे, तळलेले टाळावे. उपास धरणाऱ्यांनी रात्री नाचण्याआधी काहीतरी पोटात जाईल असे पाहावे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपासाविषयी आणि मात्रेविषयी डॉक्टरांना आधीच विचारावे.

दसऱ्यानंतर आकडे पूर्वपदावर यायला किती दिवस लागतात, ते वहीत टिपून ठेवावे. पुढच्या वर्षी कोणत्या रात्री सोडायच्या, हे ठरवायला तो आकडा कोणत्याही स्कोअरपेक्षा उपयोगी पडतो. दिवाळीनंतरच्या धावण्याच्या स्पर्धांची तयारी करणाऱ्यांनी लांब पल्ल्याचा सराव कोजागरीच्या आधी सुरू करू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

ही घड्याळे निदानासाठी नाहीत, पण त्यांच्या नोंदी डॉक्टरांच्या उपयोगी पडू शकतात. रात्रीच्या ऑक्सिजनच्या आलेखात करवतीच्या दात्यांसारखे वारंवार खड्डे दिसत असतील, घरचे घोरण्याची किंवा श्वास अडकल्याची तक्रार करत असतील आणि दिवसा बसल्या जागी डोळे मिटत असतील, तर स्लीप अ‍ॅप्नियाची, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडण्याच्या विकाराची, तपासणी करून घ्यावी. यांपैकी फक्त आलेखच वाईट असेल आणि इतर लक्षणे नसतील, तर आधी पट्टा तपासावा. कुशीवर झोपताना हात अंगाखाली दबला तरी असे खड्डे दिसतात. बोटाच्या ऑक्सिमीटरवर विश्रांतीच्या वेळी वारंवार ९४ पेक्षा कमी आकडा येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. तो ९० पेक्षा खाली असेल, तर वाट पाहू नये. छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे किंवा विश्रांतीत धडधड होणे यांसाठी घड्याळाच्या संमतीची गरज नसते.

दवाखान्यात जाताना फोनमधील रंगीत आलेख दाखवत बसण्यापेक्षा एका कागदावर दोन आठवड्यांचा तक्ता करून न्यावा: तारीख, झोपण्याची आणि उठण्याची वेळ, विश्रांतीतील हृदयगती, बोटावरचे ऑक्सिजनचे वाचन आणि त्या दिवशीचे काही विशेष. चालू औषधांची नावे आणि वेळा त्याच कागदावर लिहाव्यात. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या हृदयगती खाली ठेवतात, त्यामुळे घड्याळाचे हृदयगतीचे विभाग (हलका, मध्यम, कडक व्यायाम ठरवणारे टप्पे) आणि रिकव्हरीचा हिशेब दोन्ही चुकतात. या गोळ्या नव्याने सुरू झाल्या किंवा त्यांची मात्रा बदलली, तर त्या दिवसापासून तीन आठवड्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी.